पेशींचा उपास

प्रयोगशाळेच्या दारावर चपला बाहेर काढा असं लिहिलं होतं म्हणून मी काढल्या, आणि आत गेले तर शुभांगी जमिनीवर पडलेली. तिच्याबरोबर काम करणारी मीनाक्षी गुडघ्यांवर बसून तिच्या ओठांना साखरेचं पाणी चोळत होती. पाणी गालावरून कानाकडे वाहत होतं, आत काही जात नव्हतं. वर फळीवर बाटल्या मांडलेल्या. त्यांतल्या कितीतरी साखरेच्याच, हे मला नंतर कळलं. समोरच्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, गेली. रविवार होता, भर दुपार. माझी मुलगी मधुमेहावर संशोधन करायची आणि अंगातली साखर उतरून मेली.

तिला हा आजार शाळेत असतानाच झाला, सुईशिवाय जगू न देणारा. लालबागच्या आमच्या चाळीत तेव्हा फ्रीज कुणाकडे होता? इन्सुलिनची बाटली मी मडक्यात गार ठेवायचे, काचेची सिरिंज चहाच्या टोपात उकळायचे. गिरणी बंद पडली, तिचे वडील गावी जाऊन बसले, पण सुई चुकली नाही. ती सुई घेताना रडायची नाही, विचारायची, हे अंगात जाऊन करतं काय? मी चौथी शिकलेली, काय सांगणार? म्हटलं, डॉक्टरला विचार. तिने डॉक्टरला विचारलं, मग कॉलेजातल्या सरांना, मग परदेशी जाऊन तिथल्यांना. परत आली ती परळच्या या प्रयोगशाळेत, घरापासून चालत जाण्यासारखी. लग्न केलं नाही. लोक विचारत, तेव्हा मी सांगायचे, तिला वेळ नाही.

एकदा मीच विचारलं, तू दिवसभर तिथे करतेस काय?

"आई, पोस्टमन खाली फाटकाशी हाक मारतो. तळमजल्यावरच्या मावशी ऐकतात, त्या वर सावंतकाकींना सांगतात, काकी तिसऱ्या माळ्यावर ओरडतात, मग तू दार उघडतेस. इन्सुलिन म्हणजे तो पोस्टमन. निरोप आत पोचला तर पेशी दार उघडते आणि साखर घेते. मधली एखादी बहिरी झाली की दार बंद. ती कोण, ते शोधतेय."

"मग सापडली?"

"दर वेळी वाटतं सापडली. मग कळतं, तिची शेजारीणही बहिरी."

"एवढ्यासाठी केस पिकवलेस?"

ती हसली. "हा तुझा मधुमेह आहे, म्हातारे. उतारवयातला. माझ्याकडे पोस्टमनच येत नाही. माझ्यावाला दुसरे कोणी बघतायत."

प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींना इन्सुलिन द्यायच्या आधी रात्रभर उपाशी ठेवायचं, अशी त्यांची रीत. भरल्या पोटी त्यांना हाक नीट कळत नाही म्हणे. शनिवारी घरी आली की सांगायची, "आज पेशींचा उपास." मी म्हणायचे, "त्यांच्याबरोबर तू करू नकोस म्हणजे झालं." वर्षानुवर्षं हीच थट्टा...

त्या रविवारी तिने घरीच, उभ्या उभ्या सुई घेतली. मी तव्यावर घावणे घालत होते. "डब्यात दे, तिकडे खाते. पेशी खोळंबल्यात." पेशींच्या खोलीत खाणं न्यायचं नाही, असा नियम. डबा बाहेर टेबलावर राहिला, खडीसाखरेची डबी असलेली पर्सही. काम एकदा सुरू केलं की अर्ध्यात सोडता येत नाही. साखर उतरली की पूर्वी तिला घाम यायचा, हात थरथरायचे. इतक्या वर्षांत शरीराने तेही सांगायचं बंद केलं होतं. मीनाक्षी माटुंग्याहून पोचली, तिने मला फोन केला, तोवर...

शोकसभेला मोठी माणसं आली. एक प्राध्यापक म्हणाले, त्यांचं काम जिवंत राहील. मी विचारलं, कुठे? त्यांनी चहा प्यायला. औषध निघालेलं नाही. ती बहिरी बाई सापडलेली नाही. खोली दुसऱ्या कुणाला दिली, दारावरची पाटी काढली. तिचं अर्धवट राहिलेलं आता कोणी पुढे नेणार नाही, हे मीनाक्षीने स्पष्ट सांगितलं. मला ती त्यासाठीच आवडते.

डबा तिनेच आणून दिला. घावण्यांना बुरशी आली होती. ते टाकले, डबा घासून फळीवर पालथा घातला. सकाळी तवा तापला की हात अजून तिकडे जातो. रिकामाच परत येतो.

डबा देऊन मीनाक्षी जायला उठली, दारात थांबली. "आंटी, एक सांगू? त्या दिवशी हॉस्पिटलातून मी परत लॅबमध्ये गेले. काही सुचत नव्हतं. उरलेल्या पेशी तशाच उपाशी होत्या, त्यांना खायला घातलं."

"मग?"

"जगल्या."

शुभांगी गेली त्या संध्याकाळी मीही भात खाल्ला होता आणि माझी मधुमेहाची गोळी घेतली होती.

पेशी जगल्या. मी जगले.