शाळवात टांगलेल्या डिस्क

सुरुवातीलाच सांगून टाकतो: त्या व्हिडिओ गेमच्या डिस्क माझ्या नव्हत्या. धाकट्या भावाच्या होत्या. एकूण तेवीस. त्याच्या काळ्या पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून ठेवलेल्या. ट्रंकेवर पांढऱ्या रंगानं त्याचा फौजेतला नंबर लिहिलेला, आणि किल्ली माझ्याकडं.

मी सांगलीत मार्केट यार्डात एका हळदीच्या अडतीवर कारकुनी करतो. गाव उंब्रजजवळ. भाऊ आणि मी दोघंही भरतीला उतरलो होतो. मी उंचीत बसलो नाही, तो बसला. पहिल्या पोस्टिंगवरून सुट्टीला आला तेव्हा त्याच्या सामानात खेळायचं यंत्र होतं, टीव्हीला जोडायचं. वडिलांनी ते उलटंपालटं करून बघितलं आणि विचारलं, "ह्यात बातम्या लागत्यात का?" लागत नाहीत म्हटल्यावर त्यांचा त्यातला रस संपला.

आमचा दोघांचा एक खेळ होता. दोन गिर्यारोहक एका दोराला बांधलेले, बर्फाचा डोंगर चढायचा. एक घसरला की दुसऱ्यानं त्याच क्षणी बटण दाबून धरायचं, नाहीतर दोघंही खाली. घसरायचो कायम मीच. भाऊ दातओठ खात धरून ठेवायचा आणि म्हणायचा, "दादा, ड्युटीवर बी बर्फ, सुट्टीत बी बर्फ, आन् वरनं तुझं वझं."

अशा तीन सुट्ट्या आम्ही चढलो. तिसऱ्या सुट्टीच्या शेवटच्या संध्याकाळी शिखराच्या खालच्या तंबूपर्यंत पोचलो. तिथून एकच टप्पा राहिला होता. पण त्याची बॅग भरायची होती. त्यानं यंत्र बंद केलं.

"पुढच्या सुट्टीत. माझ्याबिगर चढायचं न्हाई."

"न्हाई चढत," मी म्हणालो.

पुढच्या सुट्टीत त्याचं लग्न झालं. त्याच्या पुढच्या सुट्टीत आई आजारी होती. मग माझी बदललेली नोकरी, त्याची मुलं, कधी मी गावाकडं आणि तो सांगलीत. गावाकडचं घर उतरवून नवं बांधायला घेतलं तेव्हा ट्रंक, त्यातल्या खेळायच्या यंत्रासकट, माझ्याकडं आली. कृष्णेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं त्या वर्षी मी सगळ्यात आधी ती ट्रंक वरच्या मजल्यावर नेली. फ्रीज नंतर. हे मी स्वतःच्या बाजूनं म्हणून सांगतोय, पण याचा काही उपयोग नाही, कारण जे पाण्यापासून वाचवलं ते मी पुढं एका कोरड्या, स्वच्छ दिवशी हातानं देऊन टाकलं.

त्याचं असं झालं. मुलगी बारावी झाली तेव्हा आम्ही नवं यंत्र घेतलं. त्यात डिस्क नसतेच. महिन्याची वर्गणी भरायची, की शेकडो खेळ समोर हजर. पहिल्याच रात्री मी यादी खाली सरकवत गेलो, आणि तिथं आमचा बर्फाचा डोंगर. तेच चित्र, तेच दोन गिर्यारोहक, तोच दोर. मी उघडला नाही, शब्द दिला होता. पण मनात एक हिशोब झाला: हा आता इथं आहे, कायमचा, धूळ नाही, ओल नाही, ओरखडे नाहीत. मग ट्रंकेतली ती चकती कशाला?

तो हिशोब करताना मला बरं वाटलं होतं, हेही लिहायला हवं. फौजेतल्या भावानं त्याच्या पगारातून आणलेली ती ट्रंक इतकी वर्षं माझ्या पलंगाखाली होती, आणि तिच्याकडं बघितलं की मला भरतीचं मैदान आठवायचं. ती निरुपयोगी झाली, याचा कुठंतरी आनंद झाला.

त्या हिवाळ्यात वडिलांचा फोन आला. शाळू हुरड्यात आला होता आणि पाखरं उतरत होती.

"तुझ्याकडं त्या गाण्याच्या चकचकीत सीड्या हायत का रं? खालच्या रानातल्यांनी बांधल्यात. वाऱ्यानं फिरत्यात, डोळ्यांवर मारत्यात. एक पाखरू बसत न्हाई."

"हायत की, आण्णा."

शनिवारी सुट्टी घेऊन मी सकाळीच ट्रंक उघडली, तेवीसच्या तेवीस डिस्क पिशवीत भरल्या आणि एसटीनं गावाला गेलो. वडील मधल्या भोकातून सुतळी ओवणार होते. मी शहाणपणा केला. म्हणालो, "आण्णा, तशा नीट फिरत न्हाईत. कडंला भोक पाडू." चुलीत खिळा तापवला, सांडशीत धरला आणि एकेका डिस्कच्या कडेला टेकवत गेलो. प्लॅस्टिक वितळल्याचा वास यायचा आणि खिळा आरपार जायचा. आमच्या डोंगराची डिस्क हातात आली तेव्हा मी थांबलो का? थांबलो. चित्र बघितलं. वर्गणीवर आहे, म्हणालो, आणि खिळा टेकवला.

दुपारभर आम्ही बापलेकांनी त्या टांगल्या. खरंच सुंदर दिसत होत्या. वडील बांधावर बसून म्हणाले, "डोकं हाय गड्या तुला." इतक्या वर्षांत त्यांनी मला असं म्हटलेलं मला आठवत नाही.

भावाला एक फोन करायला हवा होता. मी केला नाही.

यंदा तो पेन्शनीत आला. मुलांच्या शाळेसाठी त्यानं आमच्याच कॉलनीत, दोन गल्ल्या सोडून, खोल्या घेतल्या. सामान लागल्यावर एका रविवारी सकाळी तो आला, चहा घेतला, आणि मांडीवर थाप मारून म्हणाला, "चल. तंबूत बसून कट्टाळलो असू आपण."

मी ऐटीत नवं यंत्र चालू केलं. म्हणालो, "आता डिस्कबिस्कची भानगड न्हाई. पायथ्यापासून चढू परत." यादी उघडली. डोंगर नव्हता. नाव शोधलं. नव्हता. पुन्हा शोधलं. यंत्र बंद करून चालू केलं. भाऊ बघत होता.

मुलगी आतून आली. "पप्पा, तो गेला. मागच्याच महिन्यात काढला."

"काढला म्हंजे? आपण पैसे भरतोय."

"आपण तो विकत घेतला नव्हता. वर्गणी आहे तोवर ते जे ठेवतील ते खेळायचं. आधी महिनाभर चित्राखाली लाल पट्टी येते, लवकरच जाणार म्हणून. तुम्ही बघितली नाही?"

बघितली होती. ती पट्टी मी चांगली दोन-तीनदा बघितली होती आणि पुढं सरकलो होतो. मी मान हलवली, नाही म्हणून.

भाऊ हसला. "जाऊ दे की. ट्रंकेत डिस्क हाय न्हवं? यंत्र बी हाय, आपला तंबू बी त्यातच साठवल्याला हाय. पायथ्यापासनं कशाला मरायचं? काढ किल्ली."

आणि मी म्हणालो, "डिस्क आण्णांनी नेल्या. शाळवात बांधायला."

वाक्य खोटं होतं असंही नाही. वडिलांनी मागितल्या होत्या. पण ते ज्या प्रकारे माझ्या तोंडून बाहेर पडलं, त्यात मी कुठंच नव्हतो. भावाचा चेहरा बघता बघता बंद झाला. त्यानं तिथंच स्पीकरवर फोन लावला. म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं म्हणून तो मोठ्यानं बोलत होता, आणि नुसतं ऐकू जावं म्हणून मोठ्यानं नव्हता.

"आवं आण्णा, माझ्या वस्तूला हात लावताना इचारायचं तरी. लोकाच्या गावात, बर्फात बसून पै-पै जोडून घेतल्याल्या वस्तू त्या. पाखरं हाकलायला तुमाला दुसरं काय मिळालं न्हाई?"

पलीकडून मग वडिलांचा आवाज, अगदी बारीक. "व्हय बाबा. चुकलंच."

त्यांनी माझं नाव घेतलं नाही.

त्यानंतरचे आठ दिवस मी एका जागी बसू शकलो नाही. अडतीवर पावती लिहिता लिहिता उठायचो. संध्याकाळी घाटावर जायचो आणि पाण्यापर्यंत न पोचताच माघारी फिरायचो. दर तासाला यंत्राची यादी उघडून बघायचो, जणू डोंगर परत आला की सगळं मिटलं असतं. बाजारात शोधला, विकायलाही ठेवलेला नव्हता. जुन्या डिस्क मिळणारं एक दुकान मला माहीत होतं, तिथं आता मोबाइलची कव्हरं लावली आहेत. कंपनीवर मी मनातल्या मनात फार चिडलो. न विचारता काढून घेतात म्हणजे काय? आणि असं चिडताना मध्येच तापलेला खिळा आठवायचा, मग राग कुठं ठेवायचा ते कळायचं नाही.

रविवारी गावाला गेलो. शाळवाच्या रानात आता ऊस आहे. वडील शेडात गव्हाचं पोतं शिवत होते. मी आल्याचं कारण सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. त्यांनी दाभणानंच वर दाखवलं. "माळ्यावर हाय बघ. सुतळीसकट गुंडाळून ठिवल्यात."

आमच्याकडं काही टाकत नाहीत. माळ्यावरून त्या डिस्कचं पोतं उतरवलं. गुंता झालेली सुतळी, आणि तिच्यात दोन उन्हाळे खाल्लेल्या डिस्क. चित्रं उडून पांढरी पडलेली, कडेचे थर सुटलेले. नखानं सोडवत एकेक बाजूला करत गेलो. अठरावी आमची निघाली. डोंगराचा निळा रंग नुसता कोपऱ्यात उरला होता. कडेला भोक, भोवती वितळून फुगलेलं प्लॅस्टिक.

"आण्णा, तुमी त्याला का न्हाई सांगितलं?"

"काय?"

"की मीच आणून दिल्या. भोकं मी पाडली."

त्यांनी दोरा दातानं तोडला. "माझं काय ऱ्हायलंय. मी ऐकून घेतो. तुमा दोघांना एका गावात ऱ्हायचंय." मग पोतं बाजूला सारत, "पर लय बोलला गड्या."

परतीच्या एसटीत ती डिस्क मी मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळून धरली होती. कराडला गाडी थांबली तेव्हा वाटलं इथंच उतरावं आणि परत जावं. कुठं परत, ते माहीत नव्हतं.

भावाला मीच बोलावलं. डिस्क त्याच्या हातात दिली. त्यानं ती उजेडाकडं धरली, भोकात करंगळीचं नख घातलं.

"हे भोक कुणी पाडलं?"

"मी."

"आण्णांनी न्हाई?"

"न्हाई. त्यांनी नुसत्या मागितल्या. ट्रंक मी उघडली. वर्गणीवर हाय म्हणून मला वाटलं... आन् तुला मी आण्णांचं नाव सांगितलं."

तो डिस्क फिरवत बसला. मी त्याच्याकडं बघू शकत नव्हतो, म्हणून त्याच्या हाताकडं बघत होतो.

"एक फोन, दादा," तो म्हणाला. "मी न्हाई म्हणालो असतो का? आण्णांना पायजे म्हटल्यावर? बावीस दिल्या असत्या, एक ठेव म्हणालो असतो."

मग त्यानं वडिलांना फोन लावला. मला वाटलं आता माझं सगळं सांगणार. तो म्हणाला, "आण्णा, जेवलासा का?... काय केलतं?... बरं. न्हाई, काय न्हाई. असंच." आमच्या घरात माफी अशीच मागतात. पलीकडं वडील काय जेवले ते सविस्तर सांगत असावेत, कारण तो बराच वेळ नुसता हं, हं करत राहिला.

फोन ठेवून त्यानं हात पुढं केला. "किल्ली दे."

जुडग्याची कडी घट्ट होती. माझं नख मोडलं, तरी किल्ली निघेना. तो थांबून राहिला, मदतीला आला नाही. शेवटी निघाली. त्यानं पलंगाखालून ट्रंक ओढली. मी दुसरी कडी धरायला वाकलो तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे." एकट्यानं नेली. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर पत्रा आपटल्याचा आवाज आला, मी वरती उभा राहून तो मोजत होतो, आणि मग फाटक लागलं.

डिस्क मात्र टेबलावरच राहिली. ती विसरला की मुद्दाम ठेवली, कळायला मार्ग नाही. दोन दिवस मी तिच्या आजूबाजूनं फिरलो. टाकून द्यावी तर माझी नाही. ठेवावी तरी माझी नाही. तिसऱ्या दिवशी अडतीवरून फोन केला.

"ती डिस्क तुझी हाय. तिचं काय करू?"

तो मग म्हणाला, "आता इचारतोयस व्हय?"

"व्हय."

"ठिव तिथंच. मी येतो न्यायला."

त्याला आठवडा झाला. टेबल मी रिकामं केलंय, डिस्क मधोमध आहे आणि कुणाला तिथं काही ठेवू देत नाही. खाली कुठलीही मोटरसायकल थांबली की मी उठतो.