हाल्ट म्हटल्यावर हालली

पुढं सरका गं पोरींनो, उंबऱ्यावर टेकून ऐकायची गोष्ट नाही ही. आणि होमगार्ड म्हणजे जत्रेत काठी घेऊन उभी राहणारी बाई, असं परत म्हणालात तर कान पिळीन. मी वायरलेस चालवायचे.

पासष्टच्या लढाईत माझी ड्युटी तारापूरच्या किनाऱ्यावर होती. वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं. इंजिनिअर परदेशी होते तसे आपलेही. आधी भीती विमानांची, मग हवाई छत्रीनं उतरणाऱ्यांची. मग खबर आली, घातपाती कोळ्यांच्या वेशात होडीतून येतील. म्हणून परदेशी नि आपले अधिकारी एका टेबलाशी बसले आणि पहाऱ्याचे नियम एक केले. पहारेकऱ्यानं तीनदा 'हाल्ट' म्हणायचं. न थांबल्यास गोळी. शब्द इंग्रजी, कारण तो दोन्हीकडच्यांना कळतो.

पाम गावचा सीताराम माझ्या सेक्शनमध्ये होता. नियम ऐकून तो म्हणाला, "गे बाय, हाल बोलल्यावर मानूस हालनारच. थांबंल कशाला?"

सगळे हसलो. मी जास्तच.

दोन दिवसांनी बैठकीला मला नेलं, गावची बाजू सांगायला. परदेशी साहेबानं विचारलं, "गावकऱ्यांना काही अडचण?" टेबलाशी आठ पुरुष, बाई मी एकटी. सीतारामचं बोलणं ओठांवर आलं होतं. साहेबापुढं चेष्टा कसली सांगायची, म्हणून गिळलं.

"नो सर," म्हटलं.

चौथ्या दिवशी, सकाळी पावणेसात. पावसाची झड, दहा पावलांपलीकडचं धड दिसत नव्हतं. डोक्यावर गवताचा भारा घेऊन एक वारली म्हातारी चुकून कुंपणाशी आली. पोस्टवरचा शिपाई नवा, मराठी न येणारा.

"हाल्ट!"

म्हातारी पुढं सरकली.

"हाल्ट!"

ती आणखी भरभर चालली. हाल म्हणतोय, म्हणजे वाट सोड, असंच तिला वाटलं.

माझ्या शेजारून सीताराम धावला. "थांब गे आये! हालू नको!" म्हातारी थांबली. तो तिच्यापुढं पोचला. शिपायाला झडीत नुसतं कुणीतरी धावताना दिसलं, आणि तिसऱ्या हाल्टनंतरची गोळी सीतारामला लागली.

"कंट्रोल, एक जखमी. गाडी पाठवा. ओव्हर."

"जखमी कोण? ओव्हर."

"आपलाच. ओव्हर."

सात वाजून दहा मिनिटांनी तो गेला. गाडी नंतर आली.

शिपाई नियमानं वागला होता. त्याच्याकडं बोट दाखवू नका. बैठक पुन्हा बसली, तेव्हा मी न विचारता बोलले. शब्द बदलला. परदेशी साहेब वहीत लिहून घोकत होता, "तांब, तांब." कुणी हसलं नाही.

सीतारामच्या आईला मी सगळं सांगितलं, फक्त तो आधीच बोलला होता नि मी बैठकीत गप्प बसले, तेवढं सोडून. ती माऊली मला चहा घेऊन जा म्हणाली.

सेक्शनमधली आता मीच उरलेय. दरवर्षी त्या सकाळी इथनं, सरावलीहून, पामला जायचे. सीतारामच्या घरचं तिथं कुणी नाही. रस्त्याच्या कडेला जरा उभी राहायचे, त्याचं नाव घ्यायचे नि परत फिरायचे. औंदा गुडघ्यांनी साफ नाही म्हटलंय. हात धरायला कुणीतरी या गं. लवकर या.