निळा कोपरा
कपाटात तडा गेलेला जुना फोन सापडला आणि बहिणीच्या लग्नानंतर दाजी पहिल्यांदा आमच्याकडं सेनगावला जेवायला आले तो दिवस आठवला. त्या फोनवर चौघांनी मिळून खेळायचा गेम होता. प्रत्येकाला एक कोपरा, एक रंग, कधी मासे पकडायचे, कधी गाड्या पळवायच्या. निळा म्हणजे आमच्या जयंतीच्या झेंड्याचा रंग, त्यासाठी रोज भांडणं. त्या दिवशी जावयाचा मान म्हणून तो दाजींना दिला आणि दाजी सगळे डाव हरले. बाजेवरून बघणाऱ्या बाबांना राहवेना. "जावईबापू, निळं मागं पडून राहिलंय." बहीण माझ्या कानात म्हणाली, "हर ना रे मुद्दाम, बाबा त्यांना बोलून राहिले." आई, बहीण आणि मी, तिघांनी बोटं उचलून धरली, तरी दाजींची गाडी उलटीच पळाली. शेवटी बाबा उठले. "तुमी लाल घ्या बापू, मान जेवताना देऊ." मग निळ्यावर स्वतः बोट ठेवलं, डाव घालवला आणि शांतपणे म्हणाले, "ह्यो कोपराच खराब हाय." मी घरातला पहिला ग्रॅज्युएट, कोपऱ्यात काही खराबी नव्हती हे मला कळत होतं. तरी "व्हय, बराबर," म्हणालो, आणि आजही तेच म्हणेन.