लाल होणारं मीटर

रेल्वेच्या गेममधल्या वेग दाखवणाऱ्या मीटरचं चित्र मी काढतो, असं फुशारकीने समोरच्या अक्कांना सांगितलं, तिथेच फसलो. आमच्या धुळ्याच्या गल्लीत दुपारी ओट्यावर बसून त्या मोबाइलवर गाडी चालवतात. वळण आलं की स्वतःही कलतात. माझं नवं मीटर पितळी काठाचं, वेग वाढला की लालभडक होणारं. ते मी नेमकं सिग्नलशेजारी बसवलं होतं. लाल दिसलं की अक्का ब्रेक मारायच्या, गाडी कपाशीच्या शेतात थांबायची आणि उशीर झाला म्हणून खेळ संपायचा. काल त्यांनी मला बोलावून फैलावर घेतलं.

"लाल म्हंजे थांबानं ना? बठ्ठा लोके टेशनवर वाट देखी रायनात!"

"अक्का, सगळे लोक वाट बघतायत खरं, पण तो सिग्नल नाही, मीटर आहे. काठ तर बघा किती सुंदर!"

अक्कांनी कपाळावरची टिकली काढली आणि मोबाइलच्या काचेवर चिकटवून माझं मीटर झाकून टाकलं. गाडी सुसाट सुटली आणि स्टेशनात शिरता शिरता उलटली.

"बघा! म्हणून लाल होतं ते," मी आनंदाने ओरडलो.

"उलटी गयी ते गयी, पन टेशनमा ते गयी," अक्का कडाडल्या, "तुना मीटरनी ते टेशनबी दिसू दिधं नई!"