किटोंगाच्या घाटात ताई

माझ्या ताईला गाडी लागते. ती पालीला नांदते आणि माहेरी काशीदला यायचं म्हटलं की आदल्या दिवसापासून जेवण सोडते. एकदा हौसेने तिला हरिहरेश्वरला नेलं, तर तिने देवाआधी पिशवीचा तळ पाहिला.

अशा बाईने आफ्रिकेत दिवसभर बसने जायचं ठरवलं. कारण लेक. जावई टांझानियात, इरिंगा नावाच्या डोंगरावरच्या गावी कारखान्यात कामाला. लेकीचं पहिलं बाळंतपण, आठवा लागलेला. दार-ए-सलामपर्यंत विमान होतं, पुढे बस. "आई, शेवटी मोठा घाट आहे गं," लेकीने फोनवर भीतभीतच सांगितलं.

ताईने सोबतीला मला घेतलं आणि बजावलं, "घाटात फार झालं तर मी तिथंच उतरणार. तू पुढं जा आणि तिला सांग, आई निघालीवती, पण पोचली न्हाय."

तयारी जंगी होती. आवळासुपारी, लिंबं, आल्याच्या वड्या आणि एक अख्खं मराठी वर्तमानपत्र. वाचायला नव्हे, बसायला. बुडाखाली पेपर असला की गाडी लागत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. का लागत नाही, ते कुणालाच नाही.

"पेपर तिथेही मिळतात, ताई."

"त्यांच्या पेपराचा गुण येतो की न्हाय, तू बघितलंस?"

दार-ए-सलामचा स्टँड पाहून मी हरखलोच. आरसे, कणसं, उकडलेली अंडी, जिवंत कोंबड्या, सगळं माणसांच्या डोक्यावरून चाललेलं. मी तोंड उघडं टाकून बघत होतो, तेवढ्यात आमची बस लागली आणि ताईने जन्मभर एसटी स्टँडवर जे केलं तेच केलं. धावत जाऊन पुढच्या खिडकीतून रुमाल आत टाकला.

जागा धरली!

पण तिकडे तिकिटावर सीटचा नंबर असतो. त्या सीटवर कोट-टाय घातलेला एक धिप्पाड गृहस्थ आधीच बसला होता. रुमाल बरोबर त्याच्या टकलावर पडला. त्याने तो काढला, उलटसुलट पाहिला, नीट घडी घातली आणि खिडकीतून अदबीने ताईला परत केला.

"शिष्ट मेला," ताई म्हणाली.

आमच्या जागा निघाल्या पार शेवटच्या बाकावर, चाकाच्या वर. ताईचा चेहरा बस सुटण्याआधीच उतरला. मग मी त्या गृहस्थापुढे मोडक्या इंग्रजीत छोटासा नाट्यप्रवेश केला. लेक, बाळंतपण, घाट, आणि पोटातून वर येणारा हाताचा अभिनय. अभिनय त्याला फारच पटला असावा. तो चटकन उठला, खिडकी ताईला दिली आणि शेजारच्या रिकाम्या सीटवर सरकला. मला मात्र मागे करमेना, म्हणून मी मधल्या वाटेत कुणाच्या तरी कांद्याच्या पोत्यावर बैठक मारली. कंडक्टर ओरडला, मी हसलो, तोही हसला.

दुपारी रस्त्याच्या कडेला झेब्रे चरताना दिसले. मी नाचायचाच बाकी होतो. ताई पेपरावर ताठ बसून समोर नजर लावून होती. "गाढवं रंगवल्यासारखी दिसतात," एवढंच म्हणाली.

आणि मग किटोंगाचा घाट आला. पुढे टँकर, मागे ट्रक, एका बाजूला खोल दरी. पहिल्याच वळणाला मी ताईकडे पाहिलं. ताई शेजाऱ्याकडे पाहत होती. गडी घामाघूम, डोळे मिटलेले, टाय सैल.

"ह्याला लागतंय रे," ती हळूच म्हणाली. "मी ओळखते." मग मोठ्याने, "ऊठ बाबा. ऊठ!"

तो शुद्ध मराठीतल्या त्या हुकमाने उठला. ताईने स्वतःखालून पेपर ओढला, अर्धा फाडून त्याच्या सीटवर पसरला.

"हे वाचायचं का?" त्याने मला इंग्रजीत विचारलं.

"नाही. ह्यावर बसायचं."

"का?"

"आमच्याकडे बसतात."

त्याने एक वळणभर विचार केला आणि बसला.

ताईने त्याच्या नाकाशी लिंबू धरलं, तोंडात आवळासुपारी कोंबली. "खाली न्हाय बघायचं. लांब बघ, त्या झाडाकडं. सांग रे त्याला!" मी सांगत होतो. मागच्या बाकावरच्या पोरवाल्या बाईने हात पुढे केला. ताईने उरलेला अर्धा पेपरही काढून तिला दिला. आता तिच्या बुडाखाली काहीच नव्हतं. हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

घाट संपता संपता लिंबासाठी मीही हात पुढे केला, पण मला विचारतंय कोण?

इरिंगाच्या स्टँडवर लेक उभी होती, पोट सांभाळत, डोळ्यांत पाणी घेऊन. "आई! लागली का गं फार?"

"मला? मला काय झालंय?" म्हणत ताई उतरली, लेकीच्या गालावरून हात फिरवला आणि लगेच मागे वळली. बस पुढच्या गावी निघायच्या बेतात होती आणि खिडकीत तो गृहस्थ बसला होता.

"मामा, हे काय रे!" लेक मला म्हणाली. "आईला काय झालंय?"

ताई बसच्या पत्र्यावर थापा मारत माझ्यावर खेकसत होती, "अरे, बघतोस काय? विचार त्याला, पुढं अजून घाट हाय का!"