मांडवकरांकडची वाटी

माझ्या पोटात काही राहत नाही, म्हणून आधीच सांगून टाकते. आमच्या बिल्डिंगमधल्या हरिश्चंद्र मांडवकरांना तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आशाताई आवडत होत्या. आणि आशाताई दिवाळी झाली की मुलाकडे, परागकडे, बंगळुरूला कायमच्या राहायला जाणार होत्या. म्हणजे मांडवकरांनी बोलायचं तर आत्ताच, नाहीतर मग बसा आयुष्यभर व्हॉट्सअ‍ॅपवर गुड मॉर्निंगची फुलं पाठवत. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला, सुलूला, जिला नुसत्या वासावरून कोणाच्या घरी काय शिजतंय ते सांगता येतं, तिला हे माहीत नव्हतं. अजून त्याचा राग येतो मला.

मांडवकर म्हणजे असून नसल्यासारखे. मूळचे राजापूरकडचे. गिरगावात एका छापखान्यात पुस्तकं बांधायचं काम करायचे. छापखाना बंद पडला, राहती खोली बिल्डरकडे गेली, तेव्हा बायकोला घेऊन इथे गोडदेवला आले. मूलबाळ नाही. पुढे बायकोही गेली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांचं मत विचारलं की म्हणायचे, "बघा तुमचं काय ठरतंय ते." पण कोणाचा सिलेंडर लावायचाय, कोणाच्या पोराच्या फाटक्या पुस्तकाला पाठ चिकटवायचीय, मांडवकर हजर. काम करायचे आणि चहा मिळायच्या आत पळायचे.

एकटा माणूस, म्हणून आम्ही बायका त्यांना वाटीभर काहीबाही पाठवायचो. माझ्याकडून अळूवडी, वरच्या दक्षाबेनकडून उंधियो, स्वातीकडून जे काय यूट्यूबवर बघून बिघडलं असेल ते. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी आपल्या दारात हजर. घासून लख्ख, आणि रिकामी कधीच नाही. रिकामी वाटी परत करायची नसते, हे त्यांनी भलतंच मनावर घेतलं होतं. कधी खडीसाखर, कधी दोन चिकू. एकदा तर माझ्या वाटीत त्यांनी बिस्किटांचा पुडा उभा खोचून आणला होता. मी दार लावून एवढी हसले की कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.

आता गच्चीचं सांगते. गच्चीवरची गाणी ही माझी आयडिया, कोणी दुसरं नाव सांगितलं तर खुशाल खोटं समजा. दर शनिवारी संध्याकाळी चटया टाकायच्या, स्वातीनं तिचा तो डब्यासारखा स्पीकर आणायचा, आणि ज्याला वाटेल त्यानं आपल्या आवडीचं गाणं लावायचं. पण आधी गोष्ट सांगायची. गाणं कोणासाठी, का, ते सगळं. "छान आहे म्हणून" हे कारण बाद. आणि गाणं ज्याच्यासाठी आहे तो माणूस गच्चीवरच बसलेला असेल, तर पुढच्या शनिवारचा खाऊ त्यानं आणायचा. एवढं कौतुक काय फुकट मिळतं का?

काय काय गोष्टी निघाल्या म्हणून सांगू. दक्षाबेननं एक गरबा लावला तो वडिलांच्या स्कूटरसाठी. लहानपणी ती स्कूटरवर पुढे उभी राहायची आणि वडील हे गाणं म्हणत बाजारातून न्यायचे. तिच्या लग्नासाठी ती स्कूटर विकली. ती रडायला लागली, आम्ही रडायला लागलो, आणि गाणं असं होतं की रडत रडत सगळ्या फेर धरून नाचलो. स्वातीनं एक धांगडधिंग्याचं हिंदी गाणं लावलं. पार्लरमध्ये केस कापताना ते वाजत होतं आणि तेवढ्यात तिनं ठरवलं की या मुलाशी लग्न करायचं नाही. तळमजल्यावरचे दाजी तर गोडदेवचेच जुने रहिवासी, त्यांचं वालाचं शेत होतं तिथेच आमची बिल्डिंग उभी आहे. त्यांनी एक हळदीचं गाणं लावलं आणि म्हणाले, "माजी म्हातारी आमच्या हळदीला ह्ये एवढ्या जोरात गायली का बँडवाला उठून गेला." दाजींची बायको, म्हणजे आमच्या आजी, शेजारीच बसल्या होत्या. पुढच्या शनिवारी त्यांनी घावणे आणले.

मांडवकर दर शनिवारी यायचे. एक्स्टेन्शन बोर्डाची वायर टाकायचे आणि पाण्याच्या टाकीजवळ स्वतःची घडीची खुर्ची उघडून बसायचे. स्वतः गाणं मात्र लावायचे नाहीत. मी मागे लागले की म्हणायचे, "ऐकतोय ना मी."

आणि गणपती उठल्यानंतरच्या शनिवारी हा माणूस उभा राहिला. आशाताई नुकतंच सांगत होत्या की परागनं तिकडची खोली त्यांच्यासाठी रंगवून घेतलीय. त्या हे सांगत होत्या आणि मांडवकर एकदम म्हणाले, "मला लावायचंय एक."

दाजींनी कानातलं मशीन नीट केलं.

"इथंच बसलेल्या एका माणसासाठी आहे," मांडवकर म्हणाले. "नाव घेत नाही. ज्याचं आहे त्याला कळेल."

"आणि गोष्ट?" मी म्हटलं. नियम म्हणजे नियम.

"गोष्ट गाण्यातच आहे," असं म्हणून ते खाली बसले. त्यांचे कान लालबुंद झाले होते.

गाणं कुठल्या तरी जुन्या, काळ्यापांढऱ्या मराठी सिनेमातलं. सिनेमाचं नाव कोणालाच आठवेना. त्यात हिरो शेजारणीची वाटी परत द्यायला तिच्या दारात येतो. दर कडव्यात येतो, आणि दर कडव्यात वाटी घरीच विसरलेला असतो. शेवटी ती विचारते, आज तरी आणलीत का? तो म्हणतो, नाही हो, आजपण विसरलो. ती म्हणते, बरं झालं. बस, एवढंच गाणं. पण चाल अशी गोड, की मला गुदगुल्या झाल्यासारखं झालं.

आणि मला पक्कं कळलं की हे गाणं माझ्यासाठी आहे.

हसू नका. आमच्या नियमात गाणं कोणासाठीही असू शकतं, आभार मानायलासुद्धा. बिल्डिंगमध्ये त्यांना सगळ्यात जास्त वाट्या पाठवल्या कोणी? मी. बिस्किटांचा पुडा कोणाच्या वाटीत आला? माझ्या. मी आठवडाभर कोणाला काही बोलले नाही आणि शनिवारी सकाळपासून साबुदाणे वडे तळायला घेतले. आमचे हे, सुभाष, स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "या वयात तुला गाणी कोण लावतंय?" मी म्हटलं, "तुम्ही लावली नाहीत म्हणून दुसऱ्यांनी लावायची नाहीत का?" ते गुपचूप एक वडा उचलून गेले.

संध्याकाळी मी टोपलं घेऊन गच्चीवर पोचले, तर दक्षाबेन आधीच तिथे. समोर ढोकळ्याचं ताट.

"ये क्या?" मी विचारलं.

"वो वाटकी का गाना मेरे लिए था ना," ती लाजून म्हणाली. "मेरी वाटकी में हर बार साकर भरके देते हैं."

मी तोंड उघडणार एवढ्यात स्वाती आली, हातात इडल्यांचा मोठा डबा. तिचं ठरलेलं लग्न मोडलं त्या आठवड्यात मांडवकर वाटी द्यायला गेले होते. ती रडत होती. त्यांनी काही विचारलं नाही, वाटी स्टुलावर ठेवली आणि गेले. वाटीत चॉकलेट होतं. "सुलूमावशी, ते गाणं माझंच आहे," ती म्हणाली, आणि तिचे डोळे असे भरले की मला भांडताही येईना.

तेवढ्यात दाजी उकडलेल्या शेंगांचं पातेलं घेऊन धापा टाकत आले.

"दाजी, तुम्ही कधी वाटी दिलीत त्यांना?"

"दिली न्हाय," दाजी म्हणाले. "पन देनार व्हतो. त्याला ठावं हाय."

मग जो कल्ला झाला, विचारू नका. दक्षाबेन हिंदीत, दाजी आगरीत, मी माझ्या आवाजात. कोणाच्या वाटीत काय काय आलं याचा हिशोब चालला होता. शेवटी आमचं आम्हालाच हसू फुटलं. स्वाती चटईवर आडवी होऊन हसत होती. मांडवकरांना विचारावं, हे कोणालाच सुचलं नाही. ते टाकीजवळ उभे होते. छातीशी एक कापडी पिशवी धरलेली, आणि समोरच्या डब्यांकडे असे बघत होते जणू आपल्या नावानं कोणी भलतीच ऑर्डर दिलीय.

आणि आशाताई आल्या. मोकळ्या हातांनी.

मांडवकरांनी त्यांचे हात बघितले. मग ते खाली वाकले आणि एक्स्टेन्शनची वायर गुंडाळायला लागले. अजून एकही गाणं लागलं नव्हतं आणि हा माणूस वायर गुंडाळत होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. एका क्षणात सगळं कळलं, आणि मला माझे साबुदाणे वडे टाकीत बुडवावेसे वाटले. काय करावं ते सुचेना, म्हणून मी मोठ्यानं म्हटलं, "चला, पहिलं गाणं कोणाचं?"

"माझं," आशाताई म्हणाल्या.

त्या बालवाडीच्या बाई होत्या. उभ्या राहिल्या की आपोआप सगळे मांडी घालून बसतात.

"मी काही केलं नाही असं समजू नका," त्या म्हणाल्या. "नारळाच्या वड्या केल्या होत्या. गच्चीच्या दारापर्यंत घेऊन आले, बघते तर इथे लग्नाची पंगत. यात माझा डबा ठेवला असता तर तो माझा आहे हे कळलं असतं का कोणाला? म्हणून परत घरी ठेवून आले. डब्याऐवजी मी गाणंच लावते. माझं गाणं मांडवकरांसाठी आहे. मी नाव घेते."

वायर हातात तशीच धरून मांडवकर उभे राहिले.

"तुमच्या सगळ्यांच्या वाट्या दुसऱ्या दिवशी परत येतात ना?" आशाताईंनी आम्हाला विचारलं. आम्ही वर्गातल्या पोरांसारख्या माना हलवल्या. "मी होळीला कटाची आमटी पाठवली होती. ती वाटी अजून यांच्याकडे आहे. जिन्यात भेटतात, वाण्याकडे भेटतात, वाटीचं नाव काढत नाहीत. मीही मागितली नाही."

"का नाही मागितली?" मी विचारलं. माझं तोंड.

"मागितली असती तर त्यांनी दिली असती," आशाताई म्हणाल्या.

दक्षाबेनला एरवी प्रत्येक मराठी वाक्याचा अर्थ सांगावा लागतो, आज तिनं विचारलं नाही. तिनं नुसता माझा हात धरला आणि इतका दाबला की बांगडी रुतली.

"कुठलं लावू?" स्वातीनं हळूच विचारलं.

"तेच," आशाताई म्हणाल्या.

मांडवकरांनी गुंडाळलेली वायर पुन्हा सोडवली. बोर्ड लावताना दोनदा पिन चुकली. गाणं सुरू झालं आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत सगळी गच्ची गायला लागली. शब्द कोणाला येत होते? दाजी आजींचा हात धरून नाचले. सुभाष कधी वर आले कळलंच नाही, ते माझ्यासमोर येऊन कंबर हलवायला लागले आणि मी लाजले, खरंच लाजले. "बरं झालं" आलं तेव्हा आम्ही सगळे एकदम ओरडलो. समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्या उघडल्या.

गाणं संपल्यावर मी माझं कर्तव्य बजावलं. "मांडवकर, नियम म्हणजे नियम. पुढच्या शनिवारचा खाऊ तुमचा."

"आणलाय," ते म्हणाले.

त्यांनी पिशवीत हात घालून स्टीलची वाटी काढली. कडेला बारीक टिंबांनी कोरलेलं: आशा. वर ताटली झाकलेली, आत शिरा.

"म्हणजे तुम्ही वाटी परत द्यायला आला होतात?" मी विचारलं.

"हो," ते म्हणाले. "म्हटलं, त्या काही न आणता आल्या तर समजायचं, नाही म्हणाल्या. मग जिन्यात देऊन टाकायची. त्या जाणार, उगाच त्यांची वस्तू कशाला अडकवून ठेवायची? आणि रिकामी कशी द्यायची, म्हणून शिरा केला. पहिल्यांदाच केलाय."

मला इतकं वाईट वाटलं आणि इतका आनंद झाला की मी एका वेळी दोन वडे तोंडात कोंबले.

आशाताईंनी वाटी घेतली. शिऱ्यात गुठळ्या होत्या, वेलची सालीसकट पडली होती, ते लांबूनही दिसत होतं. त्यांनी कोणाला चमचाभर विचारलंसुद्धा नाही, एकटीनं सगळा संपवला. मग टाकीच्या नळाखाली वाटी धुतली, पदरानं कोरडी केली, आणि मांडवकरांच्या पिशवीत परत ठेवून दिली. मांडवकर पिशवीकडे बघत राहिले. मग एवढं हसले की मला पहिल्यांदा कळलं, त्यांच्या गालाला खळी पडते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आशाताईंच्या दारावरून जात होते. मी कोणाचं चोरून ऐकत नाही, आमचा जिनाच घुमतो. फोनवर पराग होता.

"अरे, कशी येऊ?" आशाताई सांगत होत्या. "माझी एक वाटी बाहेर अडकलीय."

तिकडून पराग म्हणाला असणार, आई, मी तुला नवा सेट घेऊन देतो.

"नको रे," आशाताई म्हणाल्या. "मला तीच हवीय. आणि ती इतक्यात परत येईल असं काही दिसत नाही."