पाठमोरी वाटणी

न्यायाधीश मॅडमनी मुलीला एकटीलाच आपल्या खोलीत बोलावलं आणि मी बाहेरच्या बाकावर पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत बसले. समोरच्या बाकावर तिचे वडील. चंद्रपूरच्या त्या कोर्टात आम्ही आधीही असेच बसलो होतो, पण तेव्हा वकील बोलायचे. आज ती बोलणार होती, आणि काय बोलेल याची मला धास्ती होती.

मी नर्स. ब्रह्मपुरीच्या एका छोट्या दवाखान्यात राबून विटले होते. पुण्याला चांगली नोकरी मिळाली, राहायला क्वार्टरसुद्धा. आम्ही वेगळे झाल्यापासून मुलगी माझ्याकडे असते, सुट्टीच्या दिवशी वडिलांच्या गावी जाते. तिला इतक्या लांब न्यायचं तर कोर्टाची परवानगी हवी, आणि ते अडून बसले. "पुण्याले गेली का पोरगी मले इसरन," एवढंच त्यांचं म्हणणं. "तळ्यातून बाहेर पडून भेटायला याल तर नाही विसरायची," मी म्हणाले. माझं तोंड असंच आहे.

त्यांचं घर मासेमारीवर जगणारं. उन्हाळ्यात गावचा तलाव आटत आला की सगळी घरं मिळून जाळी टाकतात आणि बांधावर माशांचे सारखे ढीग लावतात. पण कोणता ढीग कोणाचा, हे मोठ्यांनी ठरवायचं नाही. एक लहान मूल ढिगांकडे पाठ करून उभं राहतं. म्हातारे एकेका ढिगाला काठी लावून विचारतात, "हा कोनाचा?" मूल न पाहता एखाद्या घराचं नाव घेतं. मग मोठा मासा कोणाच्याही वाट्याला जावो, कोणी ब्र काढत नाही. हल्ली तो मान माझ्या मुलीचा. त्या दिवशी ती घरी येते ती अंगाला माशांचा वास आणि चेहऱ्यावर तलाठ्याचा रुबाब घेऊन.

कोर्टात येताना बसमध्ये मी तिला काही पढवलं नाही. मनात मात्र फार होतं. आणि तिकडे त्यांनी पढवलं असेल तर? आजीने जवळ घेऊन डोळ्यांना पदर लावला असेल तर? मी तिची वेणी सोडून पुन्हा घातली.

"आई, दुखते ना," ती म्हणाली.

दार उघडलं आणि शिपायाने आम्हा दोघांनाही आत बोलावलं. काहीतरी बिघडलं होतं, नाहीतर आम्हाला कशाला बोलावतील?

मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी होती. हात मागे बांधलेले.

"घाबरली आहे का ही?" मॅडमनी विचारलं. "कोणाजवळ राहायला आवडेल म्हटलं, तर उठून तिकडे जाऊन उभी राहिली. म्हणते, आता विचारा."

मी तिच्या वडिलांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती. म्हणजे सांगायचं मलाच. मी तलाव, ढीग, काठी सगळं सांगितलं आणि सांगता सांगता रडायलाच लागले. कारण इथे ढीगही तीच होती आणि नाव घेणारीही तीच.

मॅडम म्हणाल्या, "बाळा, इकडे बघून सांगितलंस तरी चालेल."

"नाई," ती भिंतीशीच बोलली. "पाहून सांगतलं तं एक जन रडते."

मॅडमनी तिला पुन्हा काही विचारलं नाही. तिला पाणी दिलं आणि शिपायाबरोबर बाहेर बसायला पाठवलं. आम्हाला म्हणाल्या, "हे तुम्ही दोघांनी ठरवा. तुम्हाला नाही जमलं तर मी ठरवेन. तिला मात्र पुन्हा विचारायचं नाही." पुढची तारीख पडली.

पुण्याला जायचं मला तेव्हाही होतं, आणि तिला घेऊनच जायचं होतं. त्यात काडीचा फरक पडला नव्हता. पण तिच्यासमोर जायची मला भीती वाटत होती. त्यांनाही वाटत असावी, कारण दाराशी आम्ही दोघंही, तू आधी की मी आधी, असे घुटमळलो.

ती बाकावर पाय हलवत बसली होती. आमची चाहूल लागली तशी पाय थांबले.

"कोनाचं नाव निंगालं?" तिने विचारलं, आणि विचारतानाही आमच्याकडे पाठच ठेवली.